शार्डोनेच्या काढणीपूर्वी गोडीइतकाच आंबटपणाही मोजावा

जानेवारी उजाडला की वाइन द्राक्षांच्या बागांत रिफ्रॅक्टोमीटर हे गोडी मोजण्याचे उपकरण बाहेर निघते आणि ब्रिक्सचा, म्हणजे रसातील साखरेचा, आकडा हाच काढणीचा निकष ठरतो. शार्डोने या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाबाबत एवढ्यावर विसंबू नये, कारण या जातीचा लौकिक थंडीत टिकून राहिलेल्या आंबटपणावर उभा आहे.

शार्डोने ही मूळची फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातील जात आहे. पिनो आणि गुए ब्लाँ या दोन जातींच्या संकरातून ती निर्माण झाली, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीने सिद्ध केले. बरगंडीच्या उत्तर टोकाला, सेरँ नदीच्या काठी, शाब्ली हे गाव आहे. तेथील उतारांवरच्या चुनखडीयुक्त मातीत सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या बारीक शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. शाब्लीची वाइन केवळ शार्डोनेपासूनच करतात. ती फिकट, किंचित हिरवट झाक असलेली, लिंबू व हिरव्या सफरचंदाच्या गंधाची आणि जिभेच्या कडांना झिणझिण्या आणणारी असते. याचे श्रेय बहुतेक जण मातीला देतात. माझ्या मते बागायतदाराने आधी थंडीकडे पाहावे. मण्याला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल श्वसनात खर्ची पडते आणि उष्णता वाढली की हा खर्च झपाट्याने वाढतो. थंड हवेत ते शिल्लक राहते. त्या थंडीची किंमतही मोठी आहे. शार्डोने लवकर फुटते, त्यामुळे एप्रिलचे गोठलेले दहिवर कोवळ्या फुटीवर पडते. एप्रिल २०२१ मध्ये तेथे मोठे नुकसान झाले. अशा रात्री शेतकरी ओळींमध्ये मोठ्या मेणबत्त्या पेटवतात किंवा तुषार सिंचन सतत चालू ठेवतात. पाणी गोठताना उष्णता सोडते आणि बर्फाच्या पारदर्शक कवचात फूट शून्य अंशाच्या आसपास जिवंत राहते.

आपल्याकडे फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होत असल्याने मण्यांत पाणी उतरण्याचा, म्हणजे ते मऊ होऊन गोडी भरू लागण्याचा, काळ थंडीत येतो, ही जमेची बाजू आहे. मात्र फेब्रुवारीत दिवसाचे तापमान चढू लागले की आंबटपणा लवकर ढळतो. म्हणून उशिरा छाटलेल्या प्लॉटकडे विशेष लक्ष द्यावे. पाणी उतरल्यानंतर आठवड्यातून दोनदा, सकाळीच, ओळीच्या दोन्ही बाजूंच्या घडांतून वरचे, मधले व खालचे असे किमान १०० मणी घेऊन एकत्र रस काढावा आणि ब्रिक्सबरोबर सामू (पीएच) व एकूण आम्लताही तपासावी. साध्या, म्हणजे फेस नसलेल्या, वाइनसाठी साधारण २१ ते २३ ब्रिक्स व ३.२ ते ३.४ सामू, तर फेसाळ वाइनसाठी १८ ते १९ ब्रिक्स योग्य मानावे; अंतिम आकडे वायनरीशी आधीच ठरवून घ्यावेत. मणी चिमटीत दाबून बीही पाहावे: ते तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरीत फुटले पाहिजे.

घडांवर दुपारचे ऊन थेट येत असेल तर पश्चिमेकडील पाने काढू नयेत. शार्डोने भुरी या बुरशीजन्य रोगाला लवकर बळी पडते, म्हणून घडाच्या आतील देठ भिंगाने पाहावेत. परंतु काढणी जवळ आल्यावर गंधकाची फवारणी टाळावी, कारण त्याचा अंश रसात गेल्यास आंबवताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. काढणी पहाटेच करावी, उथळ क्रेट वापरावेत आणि ऊन चढण्यापूर्वी माल वायनरीत पोहोचवावा.