लॅपटॉपवर जे-साय आणि झेडची शिखरं: सीएमएसच्या खुल्या डेटातून

एलएचसी या महाकाय कणत्वरकाचा डेटा हाताळायला जिनिव्हा गाठावं लागत नाही. तो चालवणाऱ्या सर्न प्रयोगशाळेच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएस या डिटेक्टरने टिपलेल्या २०१० च्या टकरींतून निवडलेल्या एक लाख घटनांची सीएसव्ही फाइल फुकट मिळते. प्रत्येक ओळीत दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद), जोडीचं वस्तुमान २ ते ११० जीईव्ही (कणांच्या ऊर्जेचं आणि वस्तुमानाचं एकक). जे-साय आणि झेड हे अल्पायुषी कण फुटून दोन म्युऑन निघू शकतात, म्हणून जोड्यांच्या वस्तुमानाच्या आलेखात त्या कणांच्या वस्तुमानापाशी शिखर दिसतं. डिटेक्टरही आपल्याला अगदी परका नाही. त्याचा बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर (प्रोटॉनसारख्या कणांची ऊर्जा मोजणारा भाग) बनवण्यात कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे.

पायथन आणि त्याच्या पँडास, नंपाय, मॅटप्लॉटलिब या लायब्ररी एवढं पुरे. फाइल उघडली की आधी स्तंभांची नावं छापून बघा. काही फाइलींत नावाच्या शेपटाला मोकळी जागा चिकटलेली असते आणि ‘असा स्तंभ नाही’ म्हणून एरर येते. मग विरुद्ध प्रभाराच्या जोड्या निवडा. समान प्रभाराच्या टाकून देऊ नका, बाजूला ठेवा: त्यांच्या आलेखात जे-साय डोकावला, तर चूक तुमच्या कोडमध्ये आहे.

आता वस्तुमान. बहुतेक जण इथेच फसतात. फाइलमधली ऊर्जा आणि संवेगाचे घटक सरळ सूत्रात (वस्तुमानाचा वर्ग म्हणजे ऊर्जेच्या बेरजेचा वर्ग वजा संवेगांच्या बेरजेचा वर्ग) घातले, तर दोन प्रचंड आकड्यांची वजाबाकी होते. समजा दोन्ही म्युऑन १०० जीईव्हीचे आहेत. ऊर्जेच्या बेरजेचा वर्ग ४०,०००, आणि जे-सायच्या वस्तुमानाचा वर्ग जेमतेम ९.६. ऊर्जेच्या बेरजेत ०.०१ ची चूक असली तरी वर्गात ४ चा फरक पडतो. कधी वर्गमुळाखाली ऋण संख्याही येते. म्हणून पीटी (झोताला आडवा संवेग), ईटा (झोताशी असलेल्या कोनाचं माप) आणि फाय (झोताभोवतीचा कोन) एवढेच स्तंभ घ्या. पीएक्स म्हणजे पीटी गुणिले कॉस फाय, पीवाय म्हणजे पीटी गुणिले साइन फाय, पीझेड म्हणजे पीटी गुणिले सिंच (हायपरबोलिक साइन) ईटा. ऊर्जा म्युऑनचं वस्तुमान ०.१०५६६ धरून स्वतः काढा. फाय रेडियनमध्ये आहे, पुन्हा रूपांतर करत बसू नका. म्युऑनचं वस्तुमान शून्य धरणारं छोटं सूत्र झेडला चालतं, पण जे-सायचं शिखर त्याने किमान ७ एमईव्ही (०.००७ जीईव्ही) खाली सरकतं. शेवटी उत्तर फाइलमधल्या वस्तुमानाच्या स्तंभाशी ताडून बघा.

पहिला आलेख दोन्ही अक्षांवर लॉग घ्या, वस्तुमानाचे कप्पे (हिस्टोग्रामचे खांब) ३०० च्या आसपास. १ जीईव्हीचे सरळ कप्पे घेतले तर जे-साय एका खांबात गडप होतो आणि ९.४६, १०.०२, १०.३६ चे तीन उप्सिलॉन (जे-सायसारखेच, पण जड कण) एकमेकांत मिसळतात. ते वेगळे दिसायला ०.०५ चा कप्पा हवा, आणि दोन्ही म्युऑनची ईटा उणे १ ते अधिक १ मध्ये असावी. कडांकडे संवेगाचं मोजमाप ढिलं होतं आणि शिखर पसरतं. ही अट घातली की घटना बऱ्याच कमी होतात, पण सौदा फायद्याचा आहे.

जे-साय किती, हे मोजायला पार्श्वभूमी, म्हणजे जे-सायमधून न आलेल्या जोड्या, वजा करावी लागते. दादरला गाडी यायच्या आधीची आणि गेल्यानंतरची गर्दी मोजली, की गाडीने किती माणसं आणली ते कळतं, तसंच. शिखराची खिडकी ३.० ते ३.२, बाजूचे पट्टे २.७ ते २.९ आणि ३.३ ते ३.५. पट्ट्यांची एकूण रुंदी दुप्पट, म्हणून तिथल्या संख्येचा निम्मा भाग वजा करा. वरचा पट्टा आणखी पुढे ताणू नका, ३.६९ ला साय-टूएस हा जे-सायचा जड भाऊ बसलाय.

झेडला ८० ते १०० मध्ये ०.५ चे कप्पे पुरतात. शिखर ९१.२ च्या आसपास यायला हवं. डावीकडची शेपटी लांब दिसेल: म्युऑन फोटॉन सोडतो आणि तेवढी ऊर्जा आपल्या हिशेबातून निसटते. गाउसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) ८८ ते ९४ मध्येच बसवा, म्हणजे निदान मध्य बरा मिळतो. त्यातून आलेली रुंदी मात्र झेडची म्हणून लिहू नका. झेडची स्वतःची रुंदी २.५ जीईव्ही आहे आणि डिटेक्टरचा धूसरपणा त्यात मिसळलेला असतो. दोन्ही वेगळे काढायचे तर ब्राइट-विग्नर (कणाच्या स्वतःच्या रुंदीचा वक्र) आणि गाउसियन (डिटेक्टरचा धूसरपणा) यांचं कन्व्होल्यूशन, म्हणजे एकाने दुसऱ्याला पसरवून मिळणारा वक्र, बसवावं लागतं.