फसवा ईमेल नेमका कुठून आला, हे कसे शोधावे

आयकर विवरणपत्र भरण्याचा हंगाम आला की ‘तुमचा परतावा मंजूर झाला आहे, खालील लिंकवर बँकेचा तपशील भरा’ अशा मेलचा सुळसुळाट होतो. पाठवणाऱ्याच्या जागी ‘इन्कम टॅक्स डिपार्टमेंट’ असे नाव असते, वर राजमुद्राही झळकते. खराखुरा परतावा यायची वेळही हीच, म्हणून चांगली जाणती माणसेसुद्धा फसतात. असा मेल कुठून निघाला हे घरबसल्या बऱ्याच अंशी शोधता येते. त्यासाठी संगणकतज्ज्ञ असावे लागत नाही. कुठल्या ओळीवर विश्वास ठेवायचा आणि कुठल्या नाही, एवढे समजले की पुरते.

मेल उघडला असेल तर घाबरू नका, पण त्यातली लिंक, जोडलेली फाइल आणि तळाचे ‘अनसबस्क्राइब’ यांना हात लावू नका. उत्तरही पाठवू नका, खडसावण्यासाठीसुद्धा नाही. उत्तर गेले की तुमचा पत्ता चालू आहे हे समोरच्याला कळते. आणि रागाच्या भरात मेल डिलीट करू नका. पुरावा तोच आहे.

मूळ मजकूर उघडा

हे काम संगणकावर, ब्राउझरमध्ये करा. जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक केले की ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय दिसतो. याहूमध्ये त्याला ‘व्ह्यू रॉ मेसेज’ म्हणतात, तर आउटलुकच्या वेब आवृत्तीत तीन टिंबांतून ‘व्ह्यू’ आणि मग ‘व्ह्यू मेसेज सोर्स’ असे जावे लागते. समोर अगम्य ओळींची भिंत उभी राहील. तिचा वरचा भाग म्हणजे मेलचा हेडर, म्हणजेच मेलच्या प्रवासाची नोंद. त्यातल्या मोजक्याच ओळी आपल्या कामाच्या आहेत.

‘फ्रॉम’ या ओळीवर मुळीच विसंबू नका. मेल पाठवण्याची जी पद्धत जग आजही वापरते, तिचे नियम १९८२ साली लिहिले गेले. तेव्हाचे जाळे लहान होते, त्यामुळे पाठवणाऱ्याने सांगितलेले नाव तपासायची तरतूदच त्यात नव्हती. म्हणून तिथे कोणीही काहीही लिहू शकतो. तुमच्याच पत्त्यावरून तुम्हालाच आलेला ‘तुमचा कॅमेरा हॅक केला आहे, बिटकॉइन पाठवा’ हा मेल बहुतेक वेळा याच पळवाटेने येतो. पासवर्ड जरूर बदला, पण केवळ ‘फ्रॉम’मध्ये तुमचा पत्ता दिसतो म्हणून खाते हॅक झाले असे समजू नका.

ही उणीव भरून काढायला नंतर मेल खरोखर त्या पत्त्याचा आहे का हे पडताळणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या आल्या. जीमेल त्यांचा निकाल ‘शो ओरिजिनल’च्या वरच्या तक्त्यातच दाखवते. डीमार्कपुढे ‘फेल’ असेल तर ‘फ्रॉम’मधला पत्ता बनावट असण्याची शक्यता मोठी. ‘पास’ असेल तर मात्र हुरळून जाऊ नका. ‘पास’चा अर्थ एवढाच, की मेल त्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या, मालकाच्या परवानगीने आला. भामट्याने स्वतः विकत घेतलेले डोमेनही सहज ‘पास’ होते. म्हणून डोमेन उजवीकडून डावीकडे वाचा. आयकर खात्याचा पत्ता ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ असा संपतो. हेच शब्द मध्ये कुठेतरी असतील आणि शेवट ‘डॉट कॉम’ने होत असेल, तर तो मेल खात्याचा नाही.

‘रिसीव्ड’च्या ओळी

मेल ज्या ज्या सर्व्हरमधून (मेल पुढे पोहोचवणाऱ्या संगणकातून) जातो, तो प्रत्येक सर्व्हर आपली ‘रिसीव्ड’ ही ओळ वरच्या बाजूला जोडतो. म्हणजे सगळ्यात खालची ओळ सगळ्यात जुनी. ‘तळाची ओळ बघा, तोच उगम’ असे बरेच जण सांगतात. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो, कारण तळाच्या ओळी भामटा स्वतःच आधी लिहून ठेवू शकतो. वरून खाली या. तुमच्या मेल सेवेने बाहेरच्या सर्व्हरकडून मेल जिथे स्वीकारला, ती ओळ शोधा. जीमेलवर त्या ओळीत ‘बाय एमएक्स डॉट गूगल डॉट कॉम’ असे असते. त्या ओळीत ‘फ्रॉम’नंतर लगेच येणारे नाव बाहेरच्या सर्व्हरने स्वतः सांगितलेले असते. पण चौकोनी कंसातला आकडा, समजा २०३.०.११३.४५, हा गूगलच्या सर्व्हरने स्वतः पाहून नोंदवलेला असतो. हा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्या सर्व्हरचा क्रमांक, खात्रीचा. त्याखालचे सगळे संशयाने वाचायचे. ‘१०.’ किंवा ‘१९२.१६८.’ने सुरू होणारे आकडे सोडून द्या. ते कुणाच्या तरी अंतर्गत नेटवर्कचे असतात.

आता हा आयपी पत्ता ‘हूइज’ शोधात, म्हणजे पत्ता कोणाच्या नावावर आहे हे सांगणाऱ्या शोधात, टाका. आशिया-प्रशांत भागातल्या पत्त्यांची नोंद एपनिक या नोंदणी संस्थेकडे असते, अमेरिकेतल्यांची अरिनकडे, युरोपातल्यांची राइपकडे. पत्ता कोणत्या कंपनीच्या ताब्यात आहे आणि गैरवापराची तक्रार कुठे करायची, हे तिथे मिळते. ‘ॲब्यूज’ या शब्दाने सुरू होणारा ईमेल पत्ता शोधा आणि संपूर्ण हेडरसह तक्रार तिकडे पाठवा.

इथे घाई करू नका, हे मी कळकळीने सांगतो. नकाशावर दिसणारे शहर हे बहुधा डेटा सेंटरचे असते, माणसाचे नव्हे. जीमेलच्या वेबसाइटवरून पाठवलेल्या मेलमध्ये तर पाठवणाऱ्याचा आयपी येतच नाही, फक्त गूगलच्या सर्व्हरचा दिसतो. शिवाय मेल ज्या सर्व्हरवरून आला तो एखाद्या छोट्या दुकानदाराच्या हॅक झालेल्या वेबसाइटचा असू शकतो. त्याला याचा पत्ताही नसतो. अशा माहितीवरून कुणाचे नाव घेऊन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे म्हणजे निरपराध माणसाला गोत्यात आणणे. त्या आयपीमागे कोणते खाते होते, हे सेवा देणाऱ्या कंपनीकडून मागवायचा अधिकार पोलिसांचा आहे.

माझ्या मते दोन खुणा आयपीपेक्षाही बोलक्या असतात. पहिली ‘रिप्लाय-टू’. नाव खात्याचे आणि उत्तर जाणार एखाद्या फुकटच्या मेल खात्यावर, असे असेल तर लबाडी तिथेच उघडी पडते. दुसरी म्हणजे लिंक. तिच्यावर क्लिक न करता नुसता माउस नेला की ब्राउझरच्या खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. भामटा बाकी सगळे खोटे लिहील, पण माहिती त्याच्यापर्यंत पोहोचायची तर लिंक त्याच्या ताब्यातल्या पानावरच न्यावी लागते. त्या डोमेनचा ‘हूइज’ काढून नोंदणी करणाऱ्या कंपनीलाही कळवा.

तक्रार कुठे

‘शो ओरिजिनल’मध्येच ‘डाउनलोड ओरिजिनल’ आहे. ती फाइल जपून ठेवा. नुसता फॉरवर्ड केलेला मेल किंवा स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण त्यात मूळ हेडर राहत नाही. जीमेलमध्ये ‘रिपोर्ट फिशिंग’ करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेला ‘इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन’ या पत्त्यावर कळवता येते. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाच्या साहाय्याने फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे; त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पैसे गेले असतील तर हेडर वाचत बसू नका. आधी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. मग ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर रीतसर तक्रार नोंदवा, जपून ठेवलेली मूळ फाइल सोबत द्या आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा.