पाऊस कोणता? प्रौढ वयात हुला शिकताना

होनोलुलूच्या मानोआ दरीतील एका हालउत, म्हणजे हुला नृत्याच्या शाळेत, मी वयाच्या ४४व्या वर्षी नाव घातले, तेव्हा शाळेतल्या स्नेहसंमेलनापलीकडे नाचण्याचा मला काहीही अनुभव नव्हता. आज चार वर्षांनंतर हवाईत आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहणारी मराठी मंडळी मला या शिक्षणाविषयी विचारतात. आरंभीच कोणी सांगितल्या असत्या तर माझे पहिले वर्ष सुकर झाले असते, अशा गोष्टी त्यांच्यासाठी येथे लिहीत आहे.

हुलामध्ये आधी काव्य असते आणि मग नृत्य. हात जे सांगतात ते शब्दांतून आलेले असते. माझी चूक अशी झाली की पहिले सहा महिने मी सगळा जोर पावलांवर दिला आणि गाण्याचे बोल केवळ ताल धरण्यापुरते पाठ केले. एके दिवशी एका ओळीत पाऊस आला. दोन्ही हात वरून खाली आणत बोटे हलवायची, ही पावसाची खूण मला येत होती. माझ्या मनातला पाऊस मात्र कोकणातल्या आषाढाचा असल्यामुळे मी हात डोक्याच्या वर नेऊन जोरात खाली आणले. आमच्या कुमुंनी (कुमु म्हणजे गुरू) वाद्य थांबवले आणि शांतपणे विचारले, “हा पाऊस कोणता?” मला प्रश्नच कळला नाही. हवाईत पावसांना नावे आहेत, प्रत्येक नाव एखाद्या जागेशी बांधलेले आहे, आणि त्या ओळीतला पाऊस मानोआचा ‘तुआहिने’ होता, हे तेव्हा मला समजले. त्या दरीत उन्हातही उतरणारी ती बारीक भुरभुर असते. त्यासाठी हात खांद्यांच्या वर न्यायचे नव्हते आणि बोटे जेमतेम हलवायची होती. आमच्याकडेही मृगाचा, हस्ताचा, तरणा, म्हातारा असे वेगवेगळे पाऊस असतात, हे मी वर्गानंतर कुमुंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग तुम्हाला हे यायलाच हवे.” त्या दिवसापासून नवे गाणे मिळाले की पाऊल उचलण्यापूर्वी मी प्रत्येक शब्दाचा अर्थ, त्यातील गावे, डोंगर आणि वारे वहीत लिहून काढते. पुष्कळ काव्यांत वरच्या अर्थाखाली दुसरा, झाकलेला अर्थ असतो. त्याला ‘काओना’ म्हणतात. प्रौढ विद्यार्थ्याचे शरीर लहान मुलांइतके लवचीक नसते हे खरे. पण प्रेम, वियोग, मायभूमी हे झाकलेले विषय त्याच्या ओळखीचे असतात, आणि हा लाभ मला फार मोठा वाटतो.

हवाईयन भाषेची भीती बाळगू नये. तिच्यात अक्षरे थोडी आहेत, पण स्वराची लांबी आणि घशात क्षणभर अडवलेला श्वास यांनी अर्थ पालटतो. ‘पउ’ म्हणजे संपले. तोच उच्चार मध्ये श्वास अडवून आणि शेवटचा स्वर लांबवून केला की ‘पऊ’, म्हणजे ओलसर. आणि पहिला स्वरही लांबवला की ‘पाऊ’, म्हणजे नाचताना नेसायचा घोळदार घागरा. ऱ्हस्व-दीर्घ शाळेत घोटलेल्या आपल्या कानांना हा भेद लवकर कळतो, म्हणून मी बोल देवनागरीतच उतरवते.

आता पायांविषयी. गुडघे सतत किंचित वाकलेले, खांदे स्थिर आणि पाऊल अनवाणी, ही मूळ बैठक आहे. ‘काहोलो’ हे पहिले पाऊल चार मात्रांत बाजूला सरकण्याचे, म्हणून ऐकायला सोपे; पण दहा मिनिटे गुडघे न ताठवता ते केले की मांड्या बोलू लागतात. मी कंबरेतून पुढे झुकून गुडघ्यांवर भार टाकत असे आणि त्यामुळे महिनाभर दुखणे काढले. आरशासमोर बाजूने उभे राहून पाठ सरळ आहे की नाही ते पाहावे आणि रोज पंधरा मिनिटेच, पण न चुकता सराव करावा. भरतनाट्यम शिकलेल्यांना बाहेर वळलेल्या गुडघ्यांची सवय मोडावी लागते. मात्र ‘यतो हस्तस्ततो दृष्टिः’ हा त्यांचा धडा येथे जसाच्या तसा कामी येतो, कारण हुलातही नजर हाताच्या मागोमाग जाते.

शाळा निवडताना प्राचीन पद्धतीचा ‘कहिको’ आणि आधुनिक ‘औअना’ हे दोन्ही शिकवले जातात का, ते विचारावे. कहिको पठणावर आणि भोपळ्यापासून केलेले वाद्य किंवा शार्कच्या कातड्याने मढवलेला ढोल यांसारख्या वाद्यांवर चालतो. औअनाला गिटार आणि उकुलेले (गिटारसारखे छोटे तंतुवाद्य) यांची साथ असते. हौशी पर्यटकांसाठीचा तासाभराचा वर्ग म्हणजे हालउ नव्हे.

हालउचे नियम कडक असतात आणि त्यांना कारण आहे. १८३० मध्ये, हवाई हे स्वतंत्र राज्य असताना, राणी काआहुमानूने हुलाच्या जाहीर प्रयोगांवर बंदी घातली. पुढे राजा कलाकाउआने (कारकीर्द १८७४–१८९१) आपल्या १८८३ च्या राज्याभिषेक सोहळ्यात हुलाला पुन्हा मानाने स्थान दिले. हवाईतील हिलो शहरातला मेरी मोनार्क महोत्सव त्याच्याच स्मरणार्थ १९६४ पासून भरतो आणि १९७१ पासून तेथे हुलाची स्पर्धा होते. ज्यांच्या आजी-पणजींनी हे जपले त्यांच्या घरात आपण पाहुणे आहोत. म्हणून विचारल्याशिवाय चित्रफीत काढू नये, आत येण्यापूर्वी परवानगी मागणारे पठण मनापासून म्हणावे, आणि शिकलेले नृत्य कुमुंच्या संमतीखेरीज कोठेही करू नये.

दुसऱ्या वर्षी मराठी मित्रमंडळींच्या गणपतीत नाचण्याची परवानगी मी मागितली, ती मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी मिळाली, एकाच नृत्याची, आणि त्याआधी तो पाऊस कोणता हे जमलेल्यांना मराठीत सांगण्याच्या अटीवर.