थंडीतला हीट पंप : मुंबईच्या एसीच्या सवयीने या चुका करू नका

परळमध्ये मी एसी दुरुस्त करतो. भाचा कॅनडात, ऑटावा शहरात असतो. त्याच्या घरी हीट पंप आहे, म्हणजे बाहेरची उष्णता आत आणून घर गरम करणारा एसीच. पहिल्या हिवाळ्यात त्याचा घाबरून फोन आला, "मामा, आउटडोअरमधून धूर येतोय, बंद केलं मी!"

तो धूर नव्हता, वाफ होती. बाहेर शून्याच्या आसपास आणि हवा दमट असली की कॉइलवर बर्फ धरतो. तो वितळवायला मशीन थोडा वेळ उलटं चालतं आणि बाहेरचा पंखा थांबतो. यालाच डिफ्रॉस्ट म्हणतात. पाच-दहा मिनिटं हात लावू नका. मात्र कॉइलवर बर्फाचा जाड थर तासन्‌तास राहिला, तर मेकॅनिकला बोलवायलाच हवं.

सगळ्यात महाग पडते ती दुसरी सवय. खोलीबाहेर पडताना बटण बंद, हे ताईने त्याला लहानपणापासून शिकवलेलं. इथे ते बरोबरच आहे. तिथे मात्र घर पार गारठवून संध्याकाळी एकदम 22 वर लावलं, की कॉम्प्रेसर पूर्ण जोरात पळतो आणि जोडीचा विजेचा हीटरही सुरू होतो. हीटर एका युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतो. हीट पंप बाहेरची उष्णता आत ओढतो, त्यामुळे उणे 15 लासुद्धा चांगलं मशीन साधारण दुप्पट देतं. तापमान एक-दोन अंशांनीच कमी करा, बाकी त्याला संथ चालू द्या.

उणे 15 च्या हवेत कसली उष्णता, असं भाच्यालाही वाटायचं. पण मशीनमध्ये फिरणारा आर-32 गॅस साध्या दाबाला उणे 52 अंशांनाच उकळतो. त्याच्या दृष्टीने ती हवा गरमच! नॉर्वेत निम्म्याहून जास्त घरं हीट पंप वापरतात, ते उगीच नाही.

खरेदी करताना "दीड टन द्या" म्हणू नका. बाहेर थंडी वाढते तशी मशीनची ताकद घटते, म्हणून बाहेर 7 अंश धरून दिलेला ताकदीचा आकडा सोडा आणि उणे 15 ला किती उष्णता देतं ते विचारा. फार मोठं घेतलं तर सारखं चालू-बंद होतं, तेही वाईट. त्याआधी खिडक्यांच्या फटी बुजवा.

आउटडोअर जमिनीवर टेकवू नका. बर्फ साचेल त्याहून उंच स्टँड हवा आणि खाली पाण्याला वाट हवी, नाहीतर डिफ्रॉस्टचं पाणी तिथेच गोठून कॉइलपर्यंत चढतं. फिल्टर मात्र इथल्यासारखाच महिन्याला धुवा.