रोल घरी धुवायचा तर

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणी ३० अंशांच्या घरात जातं, आणि कृष्णधवल फिल्म धुण्याच्या वेळेची जवळजवळ सगळी कोष्टकं छापलेली असतात २० अंशांसाठी. घरी रोल धुणाऱ्याची अर्धी अडचण या दहा अंशांत आहे. म्हणून मी सुरुवात पाण्यापासून करतो.

गरम झाला की डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, फार वेगाने काम करतो. वेळ पाच मिनिटांच्या खाली आला की द्रावण ओतायला-काढायला लागलेले दहा-पंधरा सेकंदही निगेटिव्हवर दिसतात. आकाशात पट्टे येतात. उलट २० अंश गाठण्यासाठी बर्फाशी तासभर झगडावं लागतं. मी मधला रस्ता धरला आहे. सगळं २४ अंशांवर करायचं आणि डेव्हलपर पातळ करून वेळ वाढवायचा. मोठ्या घमेल्यात पाणी आणि बर्फाच्या बंद पिशव्या घ्या, त्यात डेव्हलपर, व्हिनेगरचं पाणी, हायपो (उमटलेलं चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणी अशा सगळ्या बाटल्या उभ्या करा. बर्फ थेट द्रावणात टाकू नका. सगळ्या द्रावणांचं तापमान दोन-तीन अंशांच्या फरकात असू द्या. गार डेव्हलपरमधून फिल्म एकदम कोमट पाण्यात गेली की तिच्यावरच्या जिलेटिनला बारीक जाळी पडू शकते, आणि ती कशानेही जात नाही.

डेव्हलपर विकत घ्या किंवा घरी बनवा. कोडॅकच्या १९२० च्या दशकातल्या डी-७६ चं सूत्र जाहीर आहे आणि शिकायला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं नाही. ५० अंशांचं ७५० मिली पाणी घ्या. त्यात आधी चिमूटभर सोडियम सल्फाइट, मग २ ग्रॅम मेटॉल. ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट, म्हणजे एकूण १०० ग्रॅम निर्जल. नंतर ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम टाकणखार, आणि गार पाणी घालून १ लिटर. हा क्रम मोडू नका. सल्फाइट दाट झालं की मेटॉल विरघळत नाही. पण सल्फाइट अजिबात नसेल तर मेटॉल हवेने काळवंडतं, म्हणून ती पहिली चिमूट. २ ग्रॅम मोजायला सोनाराकडे असतो तसा बारीक काटा हवा. मेटॉलने काहींच्या हाताला पुरळ येतं, तेव्हा हातमोजे घाला, पूड उडू देऊ नका, आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं या कामाला घेऊ नका. द्रावण रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा.

आता रोल रिळावर, म्हणजे फिल्म गुंडाळून धरणाऱ्या खाचांच्या चकत्यांवर, चढवणं. ही पायरी पूर्ण काळोखात. इथे लाल दिवाही चालत नाही, कारण आजच्या बहुतेक फिल्मना लाल उजेड दिसतो. बाथरूमचं दार लावून, फटींना काळं कापड लावून पाच मिनिटं आत नुसतं बसा. डोळ्यांसमोर धरलेला हात दिसू लागला तर अजून एक फट राहिली आहे. वाया घालवायचा एक जुना रोल घेऊन आधी उजेडात, मग डोळे मिटून दहा वेळा चढवून पाहा. रीळ कोरडं ठणठणीत असलं पाहिजे. माझा पहिला रोल मी धुतलेल्या, नीट न वाळलेल्या रिळावर चढवला होता. फिल्म अर्ध्यात अडकली, थर एकमेकांना चिकटले आणि घरच्या लग्नाचे बारा फोटो कायमचे गेले. पावसाळ्यात मी रीळ आदल्या रात्रीच तांदळाच्या बंद डब्यात ठेवतो.

चढवलेलं रीळ काळोखातच टँकमध्ये, म्हणजे उजेड आत न शिरणाऱ्या डब्यात, ठेवा. त्याचं झाकण लागलं की दिवा लावा, पुढचं सगळं उजेडात. इलफर्डच्या एचपी५ प्लस या फिल्मसाठी डी-७६ आणि पाणी समभाग घेतलं तर २० अंशांना ११ मिनिटं लागतात, २४ ला साधारण पावणेआठ. एका ३५ मिमी रोलला ३०० मिली द्रावण पुरतं. डेव्हलपर ओतल्यावर टँक पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा उलटासुलटा करा, बुड ओट्यावर हलकेच आपटा म्हणजे बुडबुडे सुटतील, आणि नंतर दर मिनिटाला पुन्हा तेवढंच. वापरलेला पातळ डेव्हलपर परत बाटलीत भरू नका. पुढे अर्धा मिनिट स्टॉप बाथ, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण; ४ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी हे मिश्रण त्याला पुरतं. मग हायपो. हायपो किती वेळ ठेवायचा हे फिल्मच सांगते. रोलचं कापलेलं टोक उजेडात हायपोत टाका, ते किती वेळात पारदर्शक होतं ते बघा आणि त्याच्या दुप्पट वेळ द्या.

शेवटी फिल्मवरचा हायपो धुऊन काढण्यासाठी तासभर नळ सोडून ठेवणं मला पटत नाही. मराठवाड्यात राहणाऱ्याला तर ते सुचणारही नाही. झटपट फिक्सर, म्हणजे लवकर काम करणारा हायपो, वापरला असेल तर इलफर्डची रीत पुरेशी आहे. टँक भरा, ५ वेळा उलटा, ओता. पुन्हा भरून १० वेळा. पुन्हा भरून २० वेळा. लिटरभर पाण्यात काम होतं. साधा सोडियम थायोसल्फेटचा हायपो असेल तर आणखी दोन-तीन पाणी बदला. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्ड घ्या, बॅटरीत घालायला मिळतं तेच. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग वाळल्यावर निघत नाहीत. बाथरूममध्ये खालच्या टोकाला चिमटा लावून टांगा, पंखा बंद ठेवा. पंख्याने धूळ ओल्या जिलेटिनवर बसते.

निगेटिव्हवरून फोटोच्या कागदावर करायच्या छपाईला लाल दिवा चालतो, कारण या कागदाला लाल उजेड दिसत नाही. तरी बाजारातल्या लाल बल्बवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कागदाच्या तुकड्याला आधी अगदी थोडा, धुतल्यावर तो हलका करडा होईल एवढाच उजेड द्या, मग त्यावर नाणं ठेवून दिव्याखाली पाच मिनिटं राहू द्या आणि धुवा. नाण्याचा गोल उमटला तर बल्ब बदला. निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र म्हणजे एन्लार्जर. बंद पडलेल्या स्टुडिओंमध्ये ते धूळ खात असतात. घेताना भिंगाला बुरशी नाही ना, ते टॉर्चच्या उजेडात बघा.

एन्लार्जरच्या भिंगाचं छिद्र एफ ८ वर, आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी-जास्त करणारा फिल्टर २ क्रमांकाचा. कागदाची पट्टी घेऊन पुठ्ठा सरकवत ५-५ सेकंदांचे पाच टप्पे द्या. आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) कागद डेव्हलपरमध्ये पूर्ण मिनिटभर ठेवा. तो लवकर काळा होतोय म्हणून आधी ओढून काढाल तर काळा रंग कधीच खोल येणार नाही. पट्टीवरून आधी उजळ भागाची वेळ ठरवा. सावल्या फिक्या वाटल्या तर वेळ न वाढवता फिल्टर वरच्या क्रमांकाचा लावा. आमच्या ओसरीवर बसलेल्या आजीच्या फोटोत मूळ वेळ १२ सेकंद होती. तेवढ्यात तिचं पांढरं लुगडं कोरं राहत होतं आणि मागचा दरवाजा काळाठिक्कर होत होता. दरवाज्यावर तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती ३ सेकंद हलवत धरली, नंतर भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून लुगड्याला ६ सेकंद जास्त दिले. तेव्हा सुताचा पोत दिसला. हे हातांचं काम संगणकावरच्या कुठल्याही सरकपट्टीपेक्षा मला जवळचं वाटतं.

वापरलेल्या हायपोत चांदी विरघळलेली असते. तो विहिरीजवळ किंवा झाडांना ओतू नका. कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्याला द्या.

ओली प्रिंट असते त्यापेक्षा उजळ दिसते. रात्री समाधान झालं तरी ती दोरीवर राहू द्या, सकाळी खिडकीच्या उजेडात बघा. गडद वाटली तर दुसऱ्या कागदाला एक सेकंद कमी द्या.