ओपन स्कूलमधून इंग्रजी घेताय? मग असं शिका

"बाई, इंग्रजी सोडून दुसरा विषय घेतला तर चालतंय काय?" बेळगावच्या वडगावात माझ्याकडं शिकायला येणारं जवळजवळ प्रत्येक पोर पहिल्या दिवशी हेच विचारतं. चालतंय की. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे आपण ज्याला एनआयओएस किंवा ओपन स्कूल म्हणतो तिच्या दहावीला मराठी हा विषय घेता येतो, कन्नडही घेता येतो. तरी मी सांगते, इंग्रजी घ्या. आपल्याकडं घरात मराठी, कचेरीतला कागद कन्नड आणि कामाच्या ठिकाणची मशीनची पुस्तिका इंग्रजी. यातलं तिसरं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची पाळी तुमच्यावर येऊ नये.

मी स्वतः खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून आले. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजीत दोनदा नापास झाले. कॉलेजात कवितेचा सारांश फळ्यावर लिहून द्यायचे आणि आम्ही तो पाठ करायचो. कविता मात्र कुणी मोठ्यानं वाचून दाखवली नाही. त्याची चुटपुट अजून आहे, म्हणून आमच्या वर्गात गाईड आणलेलं मला चालत नाही.

आधी फॉर्मचं उरकून घेऊ. दहावीला वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत, बारावीला 15. एकूण पाच विषय. इंग्रजीचा कोड दहावीला 202 आणि बारावीला 302. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ वेळा बसता येतं. एकदा पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. पास व्हायला 33 टक्के लागतात. कामावर जाणाऱ्यांनी पहिल्या खेपेला पाचही विषय अंगावर घेऊ नयेत, दोन घ्या आणि नीट करा.

आता खरं काम. पहिला महिना मी एकच कविता घेते: सरोजिनी नायडूंची विणकरांवरची. 1905 च्या त्यांच्या पहिल्या संग्रहातली, तीन कडव्यांची, एका श्वासात संपेल एवढी. वडगाव, खासबाग, शहापूर भागात मागाचा खडखडाट ऐकतच पोरं मोठी झालीत, म्हणून ही निवडली. तुमच्या गावात तंबाखूची वखार असेल, फाउंड्री असेल, उसाचा फड असेल, तर त्या कामावरचं काहीतरी शोधा. हाताला माहीत असलेलं काम डोळ्यांना लवकर वाचता येतं.

पहिले तीन दिवस अर्थ सांगायचा नाही. फक्त मोठ्यानं वाचायचं, मागाच्या ठेक्यात, टेबलावर बोटं वाजवत. मग ओळींच्या शेवटचे शब्द एकाखाली एक लिहायचे. वाइल्ड–चाइल्ड, ग्रीन–क्वीन, क्लाउड–श्राउड. एवढ्या जोड्यांवरूनच कविता कुठून कुठं जाते ते दिसतं. आधी मूल, मग लग्नातली राणी, शेवटी प्रेताचं वस्त्र.

चौथ्या दिवशी वहीत तीन रकाने आखायचे: वेळ, रंग, कापड. पहाट, निळा, बाळाचं वस्त्र. रात्र पडताना मोराच्या पिसाचा जांभळा-हिरवा, लग्नाचा पडदा. थंडगार चांदणं, पांढरा, कफन. हे रकाने भरले की निम्मी कविता तुमच्या हातात आली, शब्दकोशाला हातही न लावता.

मागं एक पोरगी या तक्त्यापाशी अडून बसली. तिची आई कांड्या भरते, वडील माग चालवतात. ती म्हणाली, "बाई, तिसऱ्या कडव्यात हे लोक अजून काय विणायलेत?" 'अजून' कुठनं आलं मला कळेना. मग बघितलं तर ओळीत 'स्टिल' हा शब्द होता. तिला त्याचा एकच अर्थ ठाऊक होता. तिथं तो 'स्तब्ध' या अर्थानं आलाय, विणकर गंभीर आणि स्तब्ध बसलेत. हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माग चालू असताना कुणी स्तब्ध बसत नाही. धोटा पळत असतो, हात पळत असतात. म्हणजे त्यांचे हात चालू आहेत आणि मन थांबलंय." मी तिला म्हटलं, हेच वाक्य इंग्रजीत लिही, परीक्षेला हेच उत्तर. साहित्याचा अभ्यास म्हणतात तो हा. तुम्हाला जे ठाऊक आहे ते कवितेशेजारी ठेवायचं आणि कुठं जुळतं, कुठं जुळत नाही ते सांगायचं.

उत्तर लिहिताना एक सवय लावून घ्या. 'कवीला असं म्हणायचं आहे' यानं सुरुवात करू नका. कवितेतला एक शब्द उचला, तो का आला ते दोन वाक्यांत सांगा, मग पुढचा शब्द. लांब उत्तराची भीती अशानंच जाते.

शब्दांच्या वहीत नुसता अर्थ लिहू नका, ज्या वाक्यात शब्द भेटला ते अख्खं वाक्य उतरवा. 'स्टिल' दुसऱ्यांदा भेटला की त्याच पानावर दुसरं वाक्य.

लिखाणाकडं वळू. रोज पाच ओळी, दिवसभरात डोळ्यांनी बघितलेल्या एका गोष्टीवर. उद्यमबागेत फाउंड्रीत जाणाऱ्या एका मुलानं पहिल्या दिवशी लिहिलं, "माय फादर इज व्हेरी हार्ड वर्किंग मॅन." हे वाक्य कुणाच्याही बापाला लागू पडतं. मी विचारलं, वडील घरी आल्यावर पहिल्यांदा काय करतात? दुसऱ्या दिवशी त्यानं आणलं: "माय फादर वॉशेस हिज हँड्स विथ सोप पावडर. द ब्लॅक स्टेज इन द लाइन्स." व्याकरण साधं, शब्द पाचवीतले. पण हातांच्या रेघांत राहिलेला तो काळा रंग मला दिसला, आणि तपासणाऱ्यालाही दिसेल. 'हार्ड वर्किंग', 'व्हेरी नाइस', 'ब्युटिफुल' हे शब्द सहा महिने बंद. त्याऐवजी वस्तू लिहा.

व्याकरणात आपल्या भागातल्या पोरांच्या दोनच खोडी मोठ्या. पहिली, मराठीत काय आणि कन्नडमध्ये काय, क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं इंग्रजी वाक्यातही ते मागं ओढलं जातं. लिहिण्याआधी बोटांवर मोजा: कोण, काय करतो, कशाला. दुसरी, "आय ॲम गोइंग टू वर्क डेली." याला नियम पाठ करू नका, आपलीच बोली वापरा. "मी कामाला जातो" आणि "मी कामाला जायलोय" यातला फरक तुम्हाला झोपेतही कळतो. 'जायलोय' म्हणाल तिथंच 'ॲम गोइंग', 'रोज जातो' म्हणाल तिथं साधं 'गो'. तुमच्या बोलीला कुणी अशुद्ध म्हटलं असेल तर ते मनावर घेऊ नका. इंग्रजीचे काळ शिकायला ती फार उपयोगी पडते.

वाचनासाठी पैसे घालवायची गरज नाही. एनआयओएसची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. वाचनालयात एकच बातमी आधी मराठी पेपरात वाचा, मग इंग्रजी पेपरात. काय झालं ते आधीच माहीत असल्यानं अनोळखी शब्दांचा अंदाज आपोआप लागतो. आठवड्याला दोन बातम्या पुरेत.

टीएमए, म्हणजे घरून लिहून द्यायचे स्वाध्याय, त्याला 20 टक्के वजन आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार उत्तरं मिळतात. ती आणू नका, मी कळवळून सांगते. तुमच्या हातचं इंग्रजी परीक्षेआधी कुणीतरी तपासण्याची ती एकच हक्काची संधी असते. कच्चं लिहा, दोन दिवस तसंच ठेवा, मग मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली तिथं वाक्य मोडून दोन करा आणि मग पक्कं उतरवा.

परीक्षेआधीच्या महिन्यात दर रविवारी एक जुना पेपर, घड्याळ लावून पूर्ण तीन तास, पेननं. मोबाइलवर टाइप करायची सवय लागलेला हात दुसऱ्या तासाला दुखायला लागतो, त्यालाही सराव हवा. उतारा आणि पत्र आधी सोडवा, कवितेचे प्रश्न त्यानंतर. शेवटची पंधरा मिनिटं नवीन काही लिहायचं नाही, फक्त प्रत्येक वाक्यातलं क्रियापद जागेवर आहे का एवढंच बघायचं.