वेचणीच्या हंगामात टीएलडीची गोळी

टीएलडी म्हणजे एचआयव्हीवरची तीन औषधं एकत्र असलेली गोळी. रोज एकच, ठरल्या वेळी. पहाटे वावरात निघायचं असेल तर निघण्याआधी घ्या. रात्री घेतल्यानं झोप उडत असेल तरी सकाळच बरी.

घोळ होतो तो लोह-कॅल्शियमपाशी. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी उपाशीपोटी सोबतच घेतली, की टीएलडीतलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध लोहाला चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं. म्हणून टीएलडी तिच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या. नाहीतर दोन्ही जेवणासोबत एकदम. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेल्या ॲसिडिटीच्या औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही, अंतर ठेवाच. क्षयासाठी रिफॅम्पिसिन सुरू असेल तर टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅची जादा गोळी लागते. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, तसं सांगा.

विसरलात तर आठवताच घ्या. पुढची गोळी ४ तासांच्या आत असेल तर राहू द्या. दोन एकदम नकोत.

मे महिन्यात बाटली टिनाच्या छताखालच्या फळीवर ठेवू नका, माठाशेजारीही नको. आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका.

व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) ‘आढळला नाही’ आला तरी गोळी बंद करायची नाही. विषाणू रोगाशी लढणाऱ्या सीडी४ पेशींत दडून असतो. गोळी थांबली की बहुतेकांत काही आठवड्यांतच उसळतो. टिमोथी रे ब्राउन एचआयव्हीतून बरे झाले खरे, पण बर्लिनमध्ये २००७ साली त्यांच्यात सीसीआर५ दोष (ज्यामुळे विषाणूला पेशीत शिरायचं दार मिळत नाही) असलेल्या दात्याच्या मूळपेशी घातल्या, त्या रक्ताच्या कर्करोगासाठी. जडीबुटीवाल्यानं तो दाखला देऊ नये.